शिरपेचाचे मोल : मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदवीचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाची संहिता)



जव्हारजवळच्या शिरपामाळाचे नाव या परिसरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच अर्पण केला, अशी परंपरा आहे. त्या शिरपेचावरूनच माळाला नाव मिळाले. मात्र शिरपेचाने कोणी राजा होत नाही. महाराजांचे कर्तृत्व आधीचेच होते. शिरपेच ही त्या कर्तृत्वाला मिळालेली पावती होती.

आज घराघरांत मुलामुलींच्या मस्तकी पदवीचा शिरपेच चढवण्याची घाई झालेली आहे. ही आकांक्षा शुभच आहे. ज्या पिढीने दुकानाच्या फळ्या उघडण्या-लावण्यात आयुष्य वेचले, तिला आपली नातवंडे कंपनीच्या कचेरीत सन्मानाने बसलेली पाहावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिरपेच घडवण्यासाठी सोने लागते, आणि ते सोने बहुधा आईच्या कपाटातून किंवा दुकानाच्या भांडवलातून येते. म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एका पदवीचा जमाखर्च चोखपणे मांडून पाहणे उचित ठरेल. ही पदवी म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाची, जिला सर्वजण एच.आर. म्हणून ओळखतात. वाणिज्य शाखेच्या पदवीनंतर पुढे काय, या प्रश्नाला अलीकडे वारंवार मिळणारे हे उत्तर आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

प्रथम ही विद्या मुळात कोणत्या गरजेतून जन्मली ते पाहावे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगाराची भरती जॉबर करीत असे. कामावर घेणे, काढून टाकणे, रजा देणे हे सारे त्याच्याच हाती. त्यामुळे नोकरी लागण्यासाठी आणि लागलेली टिकवण्यासाठी गरीब माणसाला त्याचे हात ओले करावे लागत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली, तेव्हा कामगाराच्या बाजूने बोलणारे कोणीतरी उभे राहिले. पुढे १९३१ मध्ये शाही कामगार आयोगाने आपल्या अहवालात जॉबरची ही सत्ता मोडून भरतीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला आणि गिरणीमालकांच्या संघानेही आपला अधिकारी नेमला. आजच्या एच.आर. मॅनेजरचा पूर्वज तो हाच.

अधिकारी हवा म्हटल्यावर त्याला शिकवणारी शाळाही हवी. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, अर्थात टिस. १९४७ मध्ये मुंबई सरकारने कामगार शिक्षणाची संस्था स्थापन केली. ती आज परळ येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचेच नाव धारण करून उभी आहे आणि तेथे मुंबई विद्यापीठाची कामगार अभ्यासाची पदव्युत्तर पदवी मिळते. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. या अधिकाऱ्याची शैक्षणिक पात्रता सरकारी नियमांनी ठरवली आणि त्यामुळे या पदवीला बाजारात निश्चित भाव आला.

त्यानंतर नावे बदलत गेली. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रो या कंपनीने उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभारला. देशातील तो पहिला मानला जातो. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्यांची धुरांडी थंडावली. १९९१ नंतर आर्थिक उदारीकरण आले, पाठोपाठ संगणक कंपन्या वाढल्या आणि ‘पर्सोनेल’ खात्याच्या दारावर ‘ह्युमन रिसोर्स’ अशी नवी पाटी लागली. पाटीबरोबर पदवीची दुकानेही वाढली. ज्या महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवले जाते, तेथे एच.आर. हा विषय मिळणारच, अशी आजची स्थिती आहे.

येथेच पालकांची फसगत होते. कापडाच्या व्यवहारात ताक्यावरचा छाप पाहून कोणी जाणता माणूस माल उचलत नाही. तो पन्हा पाहतो, पोत चाचपतो, उजेडात धरून वीण पाहतो, कोपरा भिजवून रंग जातो का ते पाहतो. परंतु तोच माणूस मुलीच्या प्रवेशासाठी माहितीपत्रकाचा गुळगुळीत कागद पाहून दहा लाखांचा सौदा तासाभरात पक्का करतो. माहितीपत्रकात सर्वाधिक पगार मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो एका विद्यार्थ्याला मिळालेला असतो. विचारावयाचे ते मधल्या विद्यार्थ्याचे, म्हणजे वर्गातील सर्वांचे पगार ओळीने लावले असता बरोबर मध्यभागी कोण येतो, त्याचे. आणि त्यातही केवळ एच.आर. घेतलेल्यांचे, कारण वित्त आणि विपणन यांच्या पगारात मिसळून एच.आर.चा आकडा फुगवता येतो.

आता रोजमेळ उघडून एक उदाहरण मांडू. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक घराने आपले आकडे त्यांच्या जागी घालावेत. जव्हारच्या बाजारपेठेतील एका दुकानदाराची कन्या बी.कॉम. झाली आहे. तिला महिना १८,००० रुपयांची नोकरी मिळू शकते. ती न स्वीकारता दोन वर्षांची एच.आर.ची पदवी घ्यावयाची आहे. खासगी संस्थेची दोन वर्षांची फी १०,००,००० रुपये. शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च महिना १२,००० म्हणजे चोवीस महिन्यांचे २,८८,००० रुपये. येथपर्यंत सर्वच पालक हिशेब करतात. परंतु दोन वर्षे जो पगार हातचा गेला, तो ४,३२,००० रुपयांचा, त्याची नोंद कोणी करीत नाही. फीसाठी दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढले आणि सात वर्षांत फेडले तर मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये होतो आणि व्याजच सुमारे ३,९४,००० रुपये भरावे लागते. शिक्षण चालू असतानाचे व्याज यात धरलेलेच नाही. एकूण खर्चाची बेरीज २१,१४,००० रुपये.

ही झाली नावेची बाजू. आता जमेकडे वळावे. पदवी न घेता नोकरी केली असती तर दोन वर्षांनी तिचा पगार २२,००० झाला असता, असे धरू. पदवीनंतर तिला ७०,००० रुपयांची नोकरी लागली तर दरमहा फरक ४८,००० रुपयांचा. साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात सारा खर्च वसूल होतो. हा सौदा उत्तम. ४०,००० रुपयांची नोकरी लागली तर फरक १८,००० रुपयांचा आणि वसुलीस सुमारे पावणेदहा वर्षे. हा सौदा धीराचा. परंतु २८,००० रुपयांचीच नोकरी लागली तर फरक अवघा ६,००० रुपयांचा, वसुलीस एकोणतीस वर्षांहून अधिक काळ, आणि त्या पगारातून १६,६०० रुपयांचा हप्ता वजा जाऊन हाती उरतात ११,४०० रुपये. परगावी राहून इतक्यात भागत नाही. मग हप्ता दुकानातून जाऊ लागतो. पदवी एकच, अभ्यासक्रम एकच, परंतु एकीकडे उत्कर्ष आणि दुसरीकडे घराला लागलेली गळती. हा फरक बहुतांशी संस्थेच्या दाराशी कोणत्या कंपन्या येतात, यावरून पडतो.

आता दुसरा मार्ग. सरकारी किंवा विद्यापीठाच्या विभागात प्रवेश मिळाला आणि दोन वर्षांची फी एक लाख रुपयांत भागली, तर राहण्याचा खर्च आणि बुडालेला पगार धरूनही एकूण ८,२०,००० रुपये होतात. कर्ज नाही, व्याज नाही. ३५,००० रुपयांची नोकरी लागली तरी सव्वापाच वर्षांत वसुली होते. आणि त्या पाच वर्षांत रात्रीची झोप शाबूत राहते, हा लाभ कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. परळच्या संस्थेसारख्या ठिकाणी कामगार कायद्यांचे जे पक्के शिक्षण मिळते, त्याचे महत्त्व कारखान्यांत आजही कमी झालेले नाही. टिसची गोष्ट आणखी निराळी. तेथील पदवीला मान मोठा, परंतु प्रवेशासाठी देशभरातील विद्यार्थ्यांशी स्पर्धा करावी लागते. तेथे प्रवेश मिळत असेल तर पालकांनी मागेपुढे पाहू नये. न मिळाल्यास त्या प्रतिष्ठेची भरपाई अन्यत्र दहा लाख भरून होईल, असा भ्रमही बाळगू नये.

तिसरा मार्ग व्यापाऱ्याच्या स्वभावाला सर्वांत जवळचा : आधी नोकरी, मग पदवी. एखाद्या कारखान्याच्या कचेरीत हजेरीपट, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी यांची कामे दोन वर्षे करावीत आणि त्याबरोबर मुक्त विद्यापीठातून अथवा संध्याकाळच्या वर्गातून शिक्षण पूर्ण करावे. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेने नोकरदारांसाठी मनुष्यबळ विकासाचा अर्धवेळ अभ्यासक्रम चालवून कित्येकांना या मार्गाने पुढे आणले. एक लाख रुपये फी आणि पगारात दरमहा ६,००० रुपयांची वाढ, एवढेच धरले तरी पदवीनंतर सतरा महिन्यांत खर्च निघतो. येथे कंपन्या दाराशी येत नाहीत, बढती सावकाश होते, हे खरे. परंतु हे काम आपल्याला मानवते की नाही, हे कर्ज काढण्यापूर्वीच कळते. सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवून ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्राला देणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन कुटुंबातच जन्मले होते, याचे स्मरण या प्रसंगी अवश्य व्हावे.

काम मानवते का, हा प्रश्न किरकोळ नाही. ‘मुलीला माणसांत मिसळायला आवडते, म्हणून एच.आर.’ असे पुष्कळ घरांत म्हटले जाते. वास्तविक या कामाचा मोठा भाग कायद्याचा, नोंदींचा आणि अप्रिय निरोप देण्याचा आहे. ज्याने पंधरा वर्षे यंत्रावर काढली त्याला उद्यापासून येऊ नका, असे समोर बसवून सांगणे. मालक आणि युनियन यांच्यामधे उभे राहून दोघांचेही बोल ऐकणे. अपघात झाला तर जखमीच्या घरी स्वतः जाणे. हे सर्व या खुर्चीच्या वाट्याला येते. याउलट अर्ज चाळणे, पगारपत्रक काढणे, रजेचा हिशेब ठेवणे ही कामे आता संगणक करू लागला आहे. ज्या पदवीधराला एवढेच येते, त्याची गरज कमी होत जाईल. कायदा जाणणारा आणि माणूस ओळखणारा मात्र लागेलच.

कायद्याचे क्षेत्र तर नुकतेच ढवळून निघाले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि एकोणतीस जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. कल्याण अधिकाऱ्यासाठी पूर्वीची पाचशे कामगारांची मर्यादा नव्या संहितेत अडीचशेवर आली. वेतनाची व्याख्या बदलली. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. मोठ्या कंपन्यांना सल्लागार परवडतात, परंतु तारापूर, पालघर, वसई, वाडा येथील मध्यम कारखान्यांना हे सारे समजून अमलात आणणारा माणूस आपल्याच कचेरीत हवा असतो. या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी संधी आहे ती येथे.

आणखी एक भांडवल या मातीतील मुलांजवळ आहे, ज्याची फी कोणत्याही संस्थेत भरावी लागत नाही. जव्हार-मोखाड्यातील कित्येक आदिवासी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि कारखान्यांच्या कंत्राटी कामांवर जातात. ठेकेदार त्यांच्या नावावर किती मजुरी लिहितो आणि हातावर किती ठेवतो, हे बाजारपेठेतील दुकानदार लहानपणापासून ऐकत आलेला असतो. वारल्यांची, ठाकरांची बोली ज्या मुलीच्या कानावरून गेली आहे, उधारीच्या वहीवर उमटलेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा जिने पाहिला आहे, ती बोईसरच्या कारखान्यात कामगाराशी जे बोलू शकेल, ते महानगरातील पदवीधराला सहज साधणार नाही. गिरणीच्या जॉबरची जागा आज पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराने घेतली आहे. ज्या अन्यायाच्या निवारणार्थ ही विद्या जन्माला आली, तो अन्याय अजून आपल्या डोंगरउतारांवरून दर कार्तिकात गाठोडे घेऊन खाली उतरतो. या पदवीचे खरे मोल जाणू इच्छिणाऱ्याने पगाराच्या आकड्याशेजारी हेही लिहावे.

आता पालकांसाठी काही व्यावहारिक सूचना. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मंजूर फी किती, ते आधी पाहावे आणि जास्तीची मागणी झाल्यास लेखी पावती मागावी. अभिमत विद्यापीठे या चौकटीबाहेर आहेत, म्हणून तेथे दुप्पट सावधपणा हवा. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षण घेताना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र वेळेत न काढल्यामुळे ही सवलत हुकू नये. थेट संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही, हेही लक्षात असावे. नामांकित संस्थांसाठी केंद्राची २०२४ ची विद्यालक्ष्मी योजना आहे. तीत तारण न ठेवता कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणकाळात व त्यानंतरच्या सवलतीच्या मुदतीत व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. एखादी संस्था त्या यादीत नाही, एवढ्यावरूनही तिच्याविषयी काही बोध घेता येतो.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. आपण किती बाळगावे याची मर्यादा आपणच आखून घ्यावयाची. जी मर्यादा संग्रहाला, तीच ऋणालाही लागू केली तर पुष्कळ घरे सुखी राहतील. साधा नियम असा करता येईल : त्या संस्थेच्या मधल्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या वार्षिक पगाराहून अधिक कर्ज काढू नये, आणि हप्ता मासिक पगाराच्या एकतृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये. कर्जासाठी दुकानाचे भांडवल मोडू नये, कारण त्याच भांडवलावर धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून असते. ऋण काढून सण करू नये ही म्हण पदवीदान सोहळ्यालाही लागू आहे.

शेवटी संस्थेविषयी दोन शब्द. पन्नास वर्षांत धार्मिक कार्याबरोबर विद्यार्थ्यांच्या पाठीवर हात ठेवण्याची परंपरा अशा संस्थांनी जपली, ही अभिमानाची गोष्ट आहे. दरवर्षी गुणगौरव समारंभ होतो, यशस्वी विद्यार्थ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, टाळ्या होतात. परंतु जो मुलगा मोठी फी भरून पदवी घेऊन आला, मनासारखी नोकरी न लाभल्याने मुकाट्याने पुन्हा गल्ल्यावर बसला, त्याचे नाव सत्काराच्या यादीत कधीच येत नाही. त्याच्याजवळ समाजाच्या सर्वांत उपयोगी अनुभव आहे आणि तोच सांगण्याची त्याला लाज वाटते. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून दर उन्हाळ्यात, प्रवेशाचे अर्ज भरण्यापूर्वी, एक दिवस असा ठेवावा की ज्या दिवशी पुढे गेलेले आणि परत आलेले असे दोन्ही विद्यार्थी एकाच सतरंजीवर बसून आपापला जमाखर्च धाकट्यांपुढे मांडतील. परत आलेल्याला कोणी नावे ठेवू नयेत. संस्थेची शैक्षणिक मदतही शक्य तेथे बिनव्याजी परतफेडीच्या रूपाने द्यावी, म्हणजे एकाची फेड दुसऱ्याच्या फीला उपयोगी पडेल. आणि ती मंजूर करताना गुणपत्रिकेबरोबर वर सांगितलेला हिशेबाचा कागद मागावा. कागद मागणे हा अविश्वास नव्हे. ती आपुलकी होय.

मनुष्यबळाची पदवी घेऊ नये, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. ती अवश्य घ्यावी. संस्था पारखून, कर्ज मोजून, कामाची ओळख करून घेऊन आणि ज्या माणसांसाठी ही विद्या आहे त्यांना स्मरून घ्यावी. शिरपामाळावर दिलेला शिरपेच ज्या मस्तकी चढला, त्याला त्याचे ओझे झाले नाही. समाजातील प्रत्येक लेकीच्या आणि लेकाच्या शिरपेचाविषयी असेच म्हणता यावे, ही या मंगल प्रसंगी शुभकामना.

जय जिनेंद्र.